सीट काही बसेना

नागपूर ते मौदा सायकलनं जाणं म्हणजे काय हो? रस्ता सरळ. घाट नाही, चढ नाही. भूक लागली तर जागोजागी पोहे-चणा! पायडल मारत राहायचं, मौदा आपोआप समोर येतं!

असं मी म्हणालो. घरातल्या घरात म्हणालो असतो तर काही बिघडलं नसतं. पण मी म्हणालो ते माझ्या धाकट्या भावाच्या, प्रीतमच्या, होणाऱ्या सासऱ्यांसमोर. गोविंदाजी मौद्याच्या शाळेत पीटीचे सर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण शिट्टी अजून खिशात असते. मुलगी पाहायला आणि जमलं तर साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख काढायला आम्ही गेलो, तेव्हा त्यांनी सोफ्यावर रुतलेल्या आम्हा दोघा भावांकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

"आजकालच्या पोरांत दमच नाही राहिला."

माझ्या मनगटात काहीतरी फुरफुरलं. "असं काहून म्हणता? साक्षगंधाले मी नंदनवनहून इथवर सायकलनं येतो!"

माझ्या बायकोनं, मेघानं, पदराआडून मला चिमटा काढला. पण तोवर गोविंदाजी उठून उभे राहिले होते. "शब्बास! सगळ्या पाहुण्यांले सांगतो मी!"

आता घराण्याच्या इज्जतीचा सवाल! मी सायकल घेतली. काळी, चकचकीत, हरणासारखी. फक्त तिची सीट तेवढी कारल्यासारखी होती. आकारानं कारल्यासारखी आणि स्वभावानंही कारल्यासारखीच.

पहिल्याच दिवशी मी घरून, म्हणजे नागपुरातल्या नंदनवनहून, सदरला ऑफिसात सायकलनं गेलो. पोचलो तेव्हा मी माणूस नव्हतो, कंपास झालो होतो! दोन्ही पाय फाकलेले, मधे टोक. खुर्चीवर बसलो आणि स्प्रिंग लावल्यासारखा उठलो. त्या दिवशी मी सगळं काम उभ्यानं केलं. साहेब दोनदा केबिनमधून डोकावले. त्यांना वाटलं, मी राजीनामा द्यायला उभा आहे.

संध्याकाळी सायकल ढकलत दुर्गेशच्या दुकानात गेलो. दुर्गेशचा सायकलींचा अभ्यास किती ते मला माहीत नाही, पण आत्मविश्वास दांडगा.

"भाऊ, ही जेलवाली सीट घ्या. याच्यावर तं माणूस झोपून जाते!"

जेलवाली सीट मऊ होती. इतकी मऊ, की मी तिच्यात खाली खाली जात राहिलो आणि शेवटी लोखंडालाच टेकलो. परत केली.

"मग ही रुंद घ्या. याच्यावर तं माणूस झोपून जाते!"

रुंद सीट म्हणजे चौरंग. मांड्या घासून घासून अशा तापल्या, की त्यावर पापड भाजता आला असता.

"मग ही मधे भोकवाली!"

"याच्यावर बी माणूस झोपून जाते काय?"

"नाही भाऊ," दुर्गेश गंभीरपणे म्हणाला. "याच्यावर हवा खेळते."

हवा खेळली. बाकी सगळं भोकात अडकलं.

साक्षगंध जवळ येत होतं आणि मला कुठंच बसवत नव्हतं. जेवताना मी ओट्याशी उभा. टीव्ही पाहताना पालथा. ऑटोत बसलो तर दर खड्ड्याला "आई गं!" ऑटोवाल्यानं वैतागून विचारलं, "भाऊ, दवाखान्यात नेऊ काय?"

मग फोनवर एक व्हिडिओ सापडला. त्यातला माणूस सांगत होता की सीट मऊ असून उपयोग नाही, मापाची पाहिजे. आपण ज्या दोन हाडांवर बसतो, त्यांच्यातलं अंतर मोजायचं. जाड पुठ्ठ्यावर बसायचं, दोन खळगे उमटतात, त्यांचं माप घ्यायचं आणि त्या मापाची सीट आणायची. इतकं सोपं!

पण घरात पुठ्ठा नव्हता. मेघानं सगळी खोकी भंगारवाल्याला दिली होती. मी इकडं तिकडं पाहिलं. ओट्यावर परातीत कणकेचा मोठ्ठा गोळा होता. गुळगुळीत, टणक, पुऱ्यांसाठी भिजवलेला. मेघा शेजारी गेलेली. मी परात जमिनीवर ठेवली, कणीक नीट थापली, वर स्वच्छ प्लास्टिक अंथरलं आणि अलगद बसलो.

काय सांगू! कितीतरी दिवसांनी मी बसलो होतो! डोळे आपोआप मिटले.

"आणि हे आमचं किचन!" प्रीतमचा आवाज आला.

डोळे उघडले तर समोर प्रीतम, त्याच्या हातात फोन आणि फोनमध्ये दीक्षा, म्हणजे त्याची होणारी बायको, माझी भावसून! ती व्हिडिओ कॉलवर सासर पाहत होती. तिला परातीत बसलेला जेठ दिसला.

फोनमधली दीक्षा स्क्रीनच्या अगदी जवळ आली. मग बारीक आवाज आला, "दादा कणकेत काहून बसले?"

प्रीतमनं फोन भिंतीकडं फिरवला. भावाची लाज राखायला त्याला त्या घाईत एकच गोष्ट सुचली. "अगं, दादाले बसायचा जरासा त्रास आहे."

झालं! दीक्षानं हे आईला सांगितलं. कौसल्याबाई स्वभावानं फार मायाळू. दुसऱ्याच दिवशी मला त्यांचा फोन.

"रोशनभाऊ, दीक्षानं सांगितलं मले. लाजायचं नाही. होते असं. कधीपासून आहे?"

मला वाटलं, सायकलचंच विचारून राहिल्या. किती चांगली माणसं!

"सायकल घेतली तेव्हापासून," मी म्हणालो.

"बाप्पा! रक्त बिक्त?"

"नाही हो, थोडंसं सोललं."

"आमच्या यांनाही होता हा त्रास. मग ऑपरेशन केलं."

"सीटचं?"

कौसल्याबाई जरा घुटमळल्या. "हो, तिथलंच."

मौद्याला सीटचं ऑपरेशन करून देतात हे मला नवीनच होतं. "मग आता कसं आहे?"

"एकदम मस्त! तासन्‌तास बसतात."

"वा! मी साक्षगंधाले येतोच आहे. तेव्हा तुमाले दाखवतो, मग तुम्हीच सांगा काय करायचं ते!"

"नाही नाही नाही!" कौसल्याबाई किंचाळल्या. "मले नका दाखवू! यांना दाखवा!" आणि फोन कट.

मी मेघाला म्हणालो, "कौसल्याबाईंना सायकलमधलं काही समजत नाही वाटते."

कणकेतलं माप मी दुर्गेशला दिलं. त्यानं आतल्या खोलीतून एक नवीन सीट काढली, फुंकर मारून धूळ उडवली आणि म्हणाला, "हे घ्या, तुमच्याच मापाची!" गल्लीत दोन चकरा मारल्या. कुठं दुखेना! मी दुर्गेशला मिठीच मारली.

साक्षगंधाच्या दिवशी घरची मंडळी गाडीनं निघणार होती. मी त्यांच्या आधीच, सकाळी सकाळी, सायकलवर टांग मारली. शहराच्या टोकाची पारडी मागं पडेपर्यंत मी राजा होतो. येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकवाल्यांना हात दाखवत होतो. त्यानंतर सीटनं आपला खरा रंग दाखवायला सुरुवात केली. आधी मुंग्या आल्या. मग सुया टोचल्या. मग कुणीतरी उलथणं तापवून ठेवल्यासारखं वाटायला लागलं. मी डावीकडं सरकलो, उजवीकडं सरकलो, पुढं झालो, मागं झालो. उरलेला रस्ता मी पायडलवर उभा राहूनच कापला.

मौद्याला दीक्षाच्या घरासमोर मांडव होता. मी घामानं निथळत, सायकलवर उभ्यानंच आत शिरलो. गोविंदाजींनी शिट्टी फुंकली! पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या! पण त्या टाळ्या जरा वेगळ्याच होत्या. आजाऱ्यानं स्वतःच्या पायानं बाथरूमपर्यंत जाऊन दाखवल्यावर वाजवतात ना, तशा.

"अशा अवस्थेत आले!" एक म्हातारे डोळे पुसत म्हणाले.

स्टेजजवळ सोफ्यांच्या रांगेत माझ्यासाठी वेगळी खुर्ची होती. तिच्यावर फुलांची चादर आणि चादरीखाली काहीतरी गोल फुगलेलं. चादर उचलून पाहिली, तर स्कूटरची हवा भरलेली ट्यूब!

"बसा, रोशनभाऊ," गोविंदाजी माझ्या कानाशी म्हणाले. "मी बी ऑपरेशनच्या आधी असाच बसत होतो. मूळव्याध म्हणजे काही गुन्हा नाही."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फोन, रक्त, ऑपरेशन, सगळं!

"मूळव्याध?" मी ओरडलो. "मले?"

टेस्ट करायला चालू केलेला माईक नेमका तिथंच ठेवला होता. "मूळव्याध, मले" हे शब्द मांडवभर घुमले आणि शेजारच्या गल्लीत जाऊन परत आले.

तिथंच दीक्षाच्या प्रेमलता आत्या बसल्या होत्या. त्यांचा चेहरा गंभीर झाला. "हे खानदानी असते," त्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाल्या. "मोठ्याले आहे म्हणजे लहान्याले बी असंन. पाहा, कसा चुळबुळ करून राहिला तो!"

सगळ्यांनी प्रीतमकडं पाहिलं. एव्हाना आमची गाडी पोचली होती आणि प्रीतम स्टेजवर येऊन बसला होता. त्याची नवी पँट कमरेत इतकी घट्ट होती, की तो खरोखरच दर मिनिटाला कूस बदलत होता.

"पोरीले जन्मभर पथ्याचं रांधायला लावता काय, दादा?" आत्यांनी गोविंदाजींना विचारलं. "आधी पोराले डॉक्टरले दाखवा. अंगठी मग!"

कुजबुज वाढली. प्रीतमचा चेहरा पांढरा पडला. दीक्षा मान खाली घालून बसली होती. माझ्यामुळं भावाचं जुळलेलं लग्न मोडतं की काय! मी माईक हातात घेतला.

"थांबा! मले काही रोग नाही! सगळा दोष या सायकलच्या सीटचा आहे! गोविंदाजी, तुम्ही खेळाडू माणूस. तुम्ही बसून पाहा! चक्कर मारा आणि सगळ्यांले सांगा, याच्यावर निरोगी माणसाले तरी बसता येते काय!"

गोविंदाजींनी धोतराचा सोगा खोचला आणि सायकलवर बसले. मांडवाला एक चक्कर मारली. मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहत होतो. आता ओरडतील, मग ओरडतील! त्यांनी दुसरी चक्कर मारली. तिसरीला घंटी वाजवली. मग ते मांडवातून बाहेर पडून रस्त्यावर दिसेनासे झाले.

"गेले कुठं?" कौसल्याबाई घाबरल्या.

सगळं साक्षगंध खोळंबलं. बऱ्याच वेळानं गोविंदाजी परतले. चेहरा फुललेला!

"काय सीट आहे! वा! लोण्यासारखी! मी तं पार नदीपर्यंत जाऊन आलो!"

आत्या विजयी मुद्रेनं उठल्या. "पाहा! सीट चांगली आहे. म्हणजे दोष यांच्यातच आहे!"

तेवढ्यात दीक्षा उठली.

"आत्या, मले प्रीतमसोबत संसार करायचा आहे. दादासोबत डबलसीट नाही जायचं! आणि असला कोणाले काही रोग, तं औषध देऊ. माणूस वापस करतात काय?"

"मले नाही हो काही!" प्रीतम कळवळला. "पँट घट्ट आहे!"

मांडवात पहिल्यांदा हशा पिकला. आत्यांनाही हसू आवरेना. गोविंदाजींनी शिट्टी फुंकली आणि अंगठ्या घातल्या गेल्या. प्रीतमनं स्टेजवरूनच माझ्याकडं असं पाहिलं, की मी मुकाट्यानं त्या ट्यूबवर जाऊन बसलो.

जेवणाची पंगत बसली. बेसनाच्या पाटोडीचा लालभडक रस्सा, वडाभात, वांग्याची भाजी! माझ्या तोंडाला पाणी सुटलं. माझ्यासमोर मात्र मुगाची खिचडी, ताक आणि उकडलेलं सुरण आलं.

"अहो, मले चालते तिखट!"

"चालत नसते, भाऊ," कौसल्याबाई प्रेमानं म्हणाल्या आणि सुरणाच्या आणखी दोन फोडी वाढल्या.

परतताना सायकल नव्हतीच. गोविंदाजी तिच्यावरून उतरायला तयार नव्हते, म्हणून मी ती त्यांनाच देऊन टाकली. मी गाडीत मागच्या सीटवर, गुडघ्यांवर ओणवा होऊन नागपूरकडं निघालो. शेजारी मेघा तृप्त चेहऱ्यानं बसली होती.

"तुले तं माहीत होतं न, मले मूळव्याध नाही म्हणून?" मी चिडून विचारलं. "मग एका शब्दानं तरी सांगायचं कौसल्याबाईंना!"

"सांगणारच होती मी," मेघा म्हणाली. "पण तुमच्या वाटच्या पाटोड्या त्या मलेच वाढून राहिल्या होत्या न!"