मास्क, पोतं आणि भाचीचं लग्न

श्रीलक्ष्मीला मंडपात मीच उचलून नेणार, हे मी साखरपुड्याच्या पंगतीत सगळ्यांदेखत जाहीर करून टाकलं! आमच्याकडे नवरीला मामाने दोन्ही हातांवर उचलून आणायची पद्धत आहे. भाची विद्यापीठाच्या संघातून कबड्डी खेळलेली, आणि मी आयुष्यभर खुर्चीत बसून निवृत्त झालेला. माझा चुलतभाऊ जयतीर्थ जिलबी चघळत म्हणाला, "शेषगिरी, जमलं नाही तर मी आहे."

आता माघार घेणं शक्यच नव्हतं.

जिममधल्या रोहितने उपाय सांगितला. हवेत प्राणवायू कमी असला की हलकं वजनही स्नायूंना जड वाटतं, ते घाबरतात आणि भराभर वाढतात. त्यासाठी लोक म्हणे खास हवाबंद खोल्यांत वजनं उचलतात. आमच्या नवनगरात तसली खोली कुठून आणणार? म्हणून त्याने मला झडपांचा एक काळा मास्क दिला. मास्कने दम लागतो, पण प्राणवायू काही कमी होत नाही, हे डॉक्टरांनी मला फार उशिरा सांगितलं.

लग्नाला आठवडा उरला होता. मधुवंती, म्हणजे आमची ही, कापडखरेदीला दाजीबानपेठेत गेली होती. मी ज्वारीचं पोतं काढलं. पण नवरी रेशमात असणार, हातातून निसटणार, तेव्हा सराव चोख हवा. म्हणून पोत्याला मधुवंतीची इरकल साडी नेसवली, पदरसुद्धा काढला. मास्क आवळला, पोतं हातांवर घेतलं आणि परसात फेऱ्या सुरू केल्या. दंड पेटले, कानात ढोल वाजायला लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकले. स्नायू घाबरल्याची ही खूणच म्हणून मी खूश होतो.

शेजारच्या विमलाअक्का गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. त्यांना दिसला काळ्या मुखवट्याचा माणूस आणि त्याच्या हातांवर मान टाकलेली, ओळखीच्या साडीतली बाई.

"अय्य यव्वा, कळ्ळ बंदान! चोर! मधुवंतीला उचलून चाललाय बघा!" त्या आधी कानडीत, मग मराठीत ओरडल्या.

आजूबाजूचे लोक धावत परसात शिरले. खुलासा करायला दोन वाक्यं पुरली असती. माझ्याकडे श्वास होता अर्ध्या शब्दाचा. मी नुसता घुरघुरलो, त्याने लोक आणखी चवताळले. समोरच्या सुधींद्र मास्तरांनी मागून मिठी मारली, मी पोत्यासकट आडवा झालो आणि कंबरेत काहीतरी कट्कन वाजलं. पोतं फुटून परसभर ज्वारी झाली, तरी विमलाअक्कांचं रडणं थांबेना.

तेवढ्यात मधुवंती पिशव्या घेऊन दारात आली. आपल्यासाठी एवढी माणसं धावून आलीत, अक्का रडतायत, हे तिला आवडलं. मग तिचं लक्ष पोत्याकडे गेलं.

"अहो, ही माझ्या माहेरची साडी आहे," ती म्हणाली. मग वाकून साडीवरचे दाणे एकेक करून झटकायला लागली. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

डॉक्टरांनी पट्टा बांधला, वजन उचलायला बंदी घातली. लग्नाच्या दिवशी जयतीर्थ बाह्या सरसावून पुढे आला तेव्हा मला खरंच रडू आलं. पण श्रीलक्ष्मी जागची हलली नाही. "मला माझाच मामा पाहिजे," म्हणाली. तिने माझा हात आपल्या खांद्यावर घेतला, दुसऱ्या हाताने कंबरेला आधार दिला आणि सगळ्यांदेखत मला मंडपापर्यंत चालवत नेलं.

त्या वेळच्या फोटोत मी किती समाधानाने डोळे मिटलेत, असं सगळे म्हणतात. खरं सांगायचं तर मंडपाची पायरी चढताना कंबरेत कळ आली होती. आणि भाचीने मला चक्क उचललं होतं!