शेंदराखालचं रिव्हॉल्वर

मी फक्त शेंदूर काढायचं ठरवलं होतं. एवढ्याशा निर्णयावरून माणूस पोलीस ठाण्याच्या बाकावर जाऊन बसतो, हे इंजिनिअरिंगच्या दीड वर्षात मला कुणी शिकवलं नाही. (कॉलेज मी सोडलं. नापास झालो म्हणून नव्हे, शिक्षणपद्धतीच कुजलेली आहे म्हणून. गेली दोन वर्षं मी हे घरात सांगतोय आणि सगळे मान हलवतायत. बैल हलवतो तशी.)

खर्ड्याजवळच्या आमच्या घरात पणजोबांचं रिव्हॉल्वर आहे. वैजनाथ पणजोबा दुसऱ्या महायुद्धावरून परतले तेव्हा त्यांच्या गोऱ्या कॅप्टननं दिलं म्हणे. पणजोबांनी हत्यार आणलं आणि पणजीनं त्याचा देव केला. पहिल्याच खंडेनवमीला तिनं त्याला तेल-शेंदूर फासला, आणि तिला कुणी अडवलं नाही. आमच्या घरात चुकीच्या गोष्टीला कुणी अडवत नाही, तिची परंपरा करतात. दर वर्षी एक थर, अशी ऐंशी वर्षं. अनोळखी माणूस देव्हाऱ्यापुढे आला तर म्हसोबा समजून हात जोडायचा.

लायसन माझ्या थोरल्या चुलत्यांच्या, आबासाहेबांच्या नावावर. लायसनवर रिव्हॉल्वरचा नंबर आहे, म्हणून नूतनीकरणाला आबा नंबरापुरता शेंदूर नखानं खरवडायचे, साहेबाला दाखवायचे आणि घरी येऊन पुन्हा लिंपायचे. निवडणूक आली की सगळ्यांची हत्यारं तालुक्याला ठाण्यात जमा होतात. आमचा देवही जायचा. तिथं हवालदार त्याला उदबत्ती लावायचे.

यंदा दसरा झाला आणि आबांनी जाहीर केलं की मी साखर कारखान्यावर स्लिपबॉय म्हणून लागायचं. म्हणजे उन्हात उभं राहून उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांना चिठ्ठ्या वाटायच्या. मला जामखेडला मोबाईल दुरुस्तीचा गाळा टाकायचाय. तेवढ्यात मी मोबाईलवर एका गोऱ्याचा व्हिडिओ पाहिला. जुनं लष्करी रिव्हॉल्वर, लाखांत विकलं गेलेलं.

"आबा, हे विका. त्यात माझा गाळा होतो."

"द्येव इकायचा?"

"आबा, लोखंड आहे ते."

"तुजं डोस्कं लोखंड हाय!"

पण 'लाख' हा आकडा आबांच्या कानात राहिला असावा. दोन दिवसांनी त्यांनी एका बाजूचा शेंदूर नखानं खरवडला आणि गुपचूप रिव्हॉल्वरचा फोटो नगरच्या, ओळखीतल्या निवृत्त सुभेदार सहादेवांना पाठवला. (आबांना फोटो पाठवता येत नाही. तो मीच पाठवला. गुपचूप ते एकटेच होते.) सुभेदारांची सगळी नोकरी लष्कराची हत्यारं दुरुस्त करण्यात गेलेली. त्यांचा लगेच फोन आला की रविवारी स्वतः येतो.

फोन ठेवून आबा म्हणाले, "मोठी चीज हाय म्हनतोय. तसं निघालं तर गाळा तुजा. न्हाई निघालं, तर सोमवारी कारखाना, त्वांड न वाजवता. आन् हात लावू नका म्हनलाय."

आता आबांनी मला जन्मापासून हेच वाक्य ऐकवलंय. ट्रॅक्टरला हात लावू नको, टीव्हीला हात लावू नको, फ्रिजला हात लावू नको. त्यामुळं हे सुभेदारांचं म्हणणं आहे की आबांचा स्वभाव, हे मला ओळखता आलं नाही.

शनिवारी आबा दहाव्याला गेले. मी विचार केला, शेंदराच्या गोळ्याला किंमत कोण देणार? गोऱ्याच्या व्हिडिओत तर रिव्हॉल्वर चकचकीत होतं. मी देव जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घातला आणि माझ्या मित्राच्या, हर्षलच्या, वेल्डिंगच्या दुकानात गेलो. आईनं विचारलं, "कल्याण, डबा कुनाला रं?" मी म्हणालो, हर्षलला.

आधी डिझेलमध्ये भिजत घातलं. शेंदूर पापड्या-पापड्यांनी सुटला. खाली काळपट निळसर लोखंड.

"गंजलंय वाटतं," हर्षल म्हणाला.

"गंजच तो. ग्राइंडर मार."

"आन् हे ओरखडे?"

"तेबी काढ. गेटला करतो तसं फिनिशिंग दे." (त्यातला एक ओरखडा हुबेहूब बाणासारखा होता. मला वाटलं, योगायोग.)

पाऊण तासात रिव्हॉल्वर लग्नात अहेराला येणाऱ्या स्टीलच्या तांब्यासारखं झालं. मी त्यात माझं तोंड पाहिलं. गाळ्याचा मालक दिसत होतो.

रविवारी सुभेदार आले. बारीक अंगाचे, पांढऱ्या मिशा, खिशात भिंग. आबा देव्हाऱ्यापुढे गेले आणि तिथंच थांबले. काही वेळ त्यांना देव दिसेचना. मग मी पुढे होऊन तो चकाकता देव सुभेदारांच्या हातात दिला. उजेडानं त्यांचे डोळे मिटले. ते नंतरही बराच वेळ उघडले नाहीत.

"हे कुणी केलं?"

"मी," मी म्हणालो. कौतुकाची वाट बघत होतो.

सुभेदारांनी भिंग काढलं, सगळीकडून फिरवलं आणि परत खिशात ठेवलं. "पोरा, फोटोत एका बाजूचा शेंदूर निघालेला होता. तिथं लष्कराचा बाणाचा शिक्का होता, साल होतं, 'मार्क फाईव्ह' असं कोरलेलं होतं. ही जात थोडेच दिवस निघाली. फार थोडे नग शिल्लक असतील. आणि आबासाहेब, तुमच्या तेल-शेंदरानं ऐंशी वर्षं त्याला गंज लागू दिला नव्हता. बनवताना चढवलेली वरची निळाई तशीच होती. ती निळाई आणि ती अक्षरं, किंमत त्यांची असते. लोखंडाची नाही."

"मग आता?" आबांनी विचारलं.

"आता हे काय आहे ते मलाही सांगता येणार नाही."

ऐंशी वर्षांच्या ज्या अडाणीपणाला मी शिव्या घालत होतो, त्यानं ती वस्तू म्युझियमपेक्षा चांगली सांभाळली होती. मी पाऊण तासात तिचं गेट केलं. (हे वाक्य मी आबांसमोर कधीही बोलणार नाही.)

पण सुभेदारांचं संपलं नव्हतं. "लायसन आणा." आबांनी आणलं. सुभेदारांनी नंबर वाचला आणि रिव्हॉल्वर उलटंपालटं केलं. "नंबर पण घासला. हत्याराचा नंबर पुसणं गुन्हा आहे. उद्या तपासणीत सापडलं तर केस होईल. आत्ता आपणहून ठाण्यात चला आणि खरं सांगा."

आई पदर तोंडाला लावून म्हणाली, "आरं देवा, डबा म्हनला हुता की रं!"

अशा रीतीनं मी, आबा आणि सुभेदार तालुक्याच्या ठाण्यात. हवालदार आमचे ओळखीचे.

"या आबासाहेब. निवडणूक न्हाई काय न्हाई, आज कसं काय? आन् द्येव कुठाय?"

"ह्यो काय."

हवालदारांनी पाहिलं. उठून टोपी घातली आणि परत बसले. "कुनी केलं?"

"मी."

त्यांनी कागद ओढला. "शिक्षन?"

"मेकॅनिकल इंजिनिअरिंग." हे उत्तर माझ्या तोंडून आपोआप येतं.

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "मग अवघड हाय. मेकॅनिकलवाल्याला नंबर म्हंजी काय ह्ये कळतंय. म्हंजी जानूनबुजून. आता अडानी मानसानं केलं असतं, तर साहेब समज देऊन सोडत्यात."

मग आबा खुर्चीत सरसावले. इतक्या उत्साहात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"इंजिनेर? ह्यो? साहेब, सा विषय ऱ्हायल्यात ह्येचं!"

"आबा, मी कॉलेज सोडलं..."

"ह्यानं न्हाई, कालिजानं सोडलं! बोअरच्या मोटारीला उलटी वायर जोडली ह्येनं. आठ दिस पानी करंगळीएवढं. ह्यो म्हनतो, भूजल पातळी खालावली! फ्रिजमधला बरफ स्क्रू-डायवरनं फोडला, सगळा ग्यास ग्येला. ह्यो म्हनतो, कंपनी फालतू! तुमाला सांगतो साहेब, आमच्या सात पिढ्यात आसं येडं झालं न्हाई."

मी सुभेदारांकडे आधारासाठी पाहिलं. ते गंभीरपणे म्हणाले, "मीही साक्ष देतो. बाणाला ओरखडा समजला."

हवालदार भराभर लिहीत होते. आबा सांगत होते. मी थांबवायला तोंड उघडलं, पण थांबवलं तर आत जाणार आणि नाही थांबवलं तर हे सगळं कायमचं सरकारी कागदावर जाणार. मी तोंड मिटलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

"पुरं आबा, पान संपलं," हवालदार म्हणाले आणि वाचू लागले. "...मला यंत्राचे, कायद्याचे व व्यवहाराचे कसलेही ज्ञान नाही. सदर कृत्य मी निव्वळ अडाणीपणाने केले. वरील मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे."

"सोडतील ना साहेब?" मी विचारलं.

"ह्ये वाचून कोनबी सोडंल."

मी सही करायला खिशातून पेन काढलं. तोवर हवालदारांनी शाईचं पॅड उघडून माझा डावा अंगठा धरलाही होता.

"घाबरू नको, बाळा," ते मायेनं म्हणाले. "हळूच दाब."