अंबादासकाकांची मुंगी

आमचे शेजारी अंबादासकाका सकाळी दात घासता घासता कंपाउंडवरून साऱ्या जगाची खबर देतात. "ओ सर, मुंगी ब्राझीलला पोचली की! एकानं तिथं नुसते कोंबड्यांचे फोटो साठवलेत. लई हायत!"

मुंगी म्हणजे काकांनी लिहिलेला प्रोग्राम. मधे कुणी दुकानदार न ठेवता लोक आपल्या संगणकातल्या फायली थेट एकमेकांना देतात, असं एक जाळं असतं. मुंगी एका संगणकाला त्याच्या शेजाऱ्यांचे पत्ते विचारते, त्या शेजाऱ्यांना त्यांच्या शेजाऱ्यांचे, आणि कुणाकडे काय आहे याची यादी करत पुढे सरकते. काका त्यातलं काही घेत नाहीत. "आपण दारातनं बघायचं. उचलायचं न्हाय."

जन्मभर चादरी विणलेल्या माणसानं हे सत्तरीत शिकून घेतलं. मी शाळेत संगणक शिकवतो, त्यामुळे मला त्यातलं फारसं कळत नाही.

हा विनय नव्हे, याला पुरावा आहे. काकांचा संगणक रखडत चालायचा, तेव्हा "आणा इकडं, साफ करून देतो," म्हणून मीच तो घरी नेला. इतका साफ केला की आत काही उरलंच नाही. त्यात काकांच्या मागाचा आवाज होता. मागच्या खोलीतला माग विकायच्या आदल्या दिवशी त्यांनी पाऊण तास खटाखट रेकॉर्ड करून जाळ्यावर ठेवली होती.

मी मान खाली घालून उभा. काका म्हणाले, "जाऊ द्या की सर. एकानं नेली होती. त्याच्याकडं असंल." आणि दुसऱ्या दिवशी मुंगी लिहायला बसले.

खटाखट नेणारा हा महाभाग कोण, हे विचारायला मला तोंड नव्हतं. प्रायश्चित्त म्हणून रोज दुपारी चहा घेऊन जायचो. तो गार होऊन वर साय धरायची. काका यादीत.

परवा कंपाउंडवरून आरोळी आली. "सर! घावली!"

फाईल नऊ संगणकांवर होती. नाव मात्र कुणीतरी बदललेलं: 'पत्र्यावरचा पाऊस, झोपेसाठी'.

"ही तीच कशावरून?"

"नाव कायबी ठेवू द्या, ठसा बदलत न्हाय!" काकांनी वही उघडली. प्रत्येक फायलीला अंक-अक्षरांचा आपला ठसा असतो. त्यांनी तो पूर्वीच उतरवून ठेवला होता. हा धडा मी दरवर्षी शिकवतो.

"नऊ घरं झोपत्यात की आपल्या मागावर!" काका म्हणाले. "आता ही उचलायची. ही आपलीच हाय."

खटाखट सुरू झाली. काका डोळे मिटून बसले. मला पाचव्या मिनिटाला कंटाळा आला, पण गुन्हेगाराला उठून जाता येत नाही. मी नेलेल्या चहावर साय धरली.

बऱ्याच वेळानं, त्या खटाखटीच्या पलीकडून एका बाईची हाक आली. काकांच्या घरच्या तेलुगूत, चांगलीच वैतागलेली. चहा गार होतोय, एवढं मलाही कळलं. काकू मी इथं राहायला येण्याआधीच गेल्या. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

काकांनी डोळे उघडले नाहीत. नुसता आवाज चढवला.

"वस्तुन्ना!" आलो, आलो.

आणि चाचपडत कप उचलून, गार चहा सायीसकट पिऊन टाकला.