रेघेवरची अंडी

एका जंगलात...

थांबा. असं सुरू केलं की कुणीतरी विचारणार, "कुठल्या जंगलात?" आणि उत्तर दिलं की मारामारी. तेव्हा बाळांनो, आपण असं म्हणू या. दोन जंगलं होती आणि त्यांच्या मधे एक माळ होता. निदान माळावरून तरी भांडू नका. ते काम करायला माळावरची थोर मंडळी समर्थ आहेत.

माळाच्या उगवतीला होतं सागवन. मावळतीला वेळूवन. मधे दोन्हीकडचे राहत. माळावरची वानरं सागवनातल्यासारखी हुपहुप करत, पण खात वेळूचे कोंब. माळावरचे मोर वेळूवनातल्यासारखे नाचत, पण झोपायला सागाच्या झाडावर जात. चितळं तर दोन्हीकडची बोली बोलत आणि शिव्या तिसऱ्याच बोलीत देत.

माळाचा इतिहास फार मोठा आहे. थोरांना विचाराल तर जेवणवेळ टळेल. म्हणून थोडक्यात ऐका. आधी सागवनाच्या वाघाचं राज्य होतं. मग वेळूवनाच्या हत्तींचं आलं. गवत तेच राहिलं, फक्त कुणापुढे वाकायचं तेवढं बदललं. मग दूरदेशाहून पांढरे बगळे आले. त्यांनी दोन्ही जंगलांवर राज्य केलं आणि कंटाळा आल्यावर उडून गेले. जाता जाता त्यांनी घुबडाला सांगितलं, "दोन जंगलांच्या मधे एक रेघ आख."

घुबड फार विद्वान होतं. पण घुबडाला दिवसा दिसत नाही, आणि रेघ आखायचं काम दिवसाचं होतं. त्याने अंदाजाने खडे मांडले. खड्यांची रेघ माळाच्या पोटातून गेली. निम्मा माळ सागवनात पडला, निम्मा वेळूवनात.

त्या दिवसापासून माळावर दोन मंडळं झाली. एकाचं म्हणणं, अख्खा माळ सागवनाचा. त्याचे अध्यक्ष हुपातात्या वानर. दुसऱ्याचं म्हणणं, अख्खा माळ वेळूवनाचा. त्याचे अध्यक्ष केकाप्पा मोर. सागवनाचा राजा हुपातात्यांच्या अर्जांना उत्तर देत नसे. वेळूवनाचा राजा केकाप्पांच्या अर्जांना देत नसे. एवढी एक गोष्ट दोघांत सारखी होती. पण ती त्यांना ठाऊक नव्हती, कारण ते एकमेकांशी बोलत नसत.

दरवर्षी रेघेच्या दिवशी दोन्ही मंडळं सभा घेत. एकाच वेळी, एकाच जागी, ऐन रेघेवर. कारण जागा सोडली तर हक्क सोडल्यासारखं दिसतं. आणि समोरच्याचं तोंड पाहिलं तर त्याला मान दिल्यासारखं होतं. म्हणून दोघे पाठमोरे बसत. सागवनवाले उगवतीकडे तोंड करून, वेळूवनवाले मावळतीकडे. रेघेच्या वाट्याला फक्त शेपट्या.

हिला 'पाठमोरी सभा' म्हणत. हा थोरांचा फार जुना शिरस्ता. थोरांचे सगळेच शिरस्ते फार जुने असतात, परवा सुरू झालेलेसुद्धा.

आता मिरीची ओळख करून घेऊ. मिरी ही टिटवी. वयाने लहान, आवाजाने मोठी. नाव मिरी का पडलं, ते तिच्याशी दोन वाक्यं बोललं की कळे. टिटव्या झाडावर घरटं बांधत नाहीत. उघड्या जमिनीवर खडे पाहायचे आणि त्यांच्यात अंडी घालायची. माळावर सगळ्यात चांगले खडे कुठे होते? रेघेवर. एरवी त्या रेघेचा कुणाला काही उपयोग झाला असेल, तर तो एकट्या मिरीला.

पण गेल्या वर्षी काय झालं, सभा भरली आणि भाषणं रंगली. भाषण रंगलं की थोरांना मागे सरकायची सवय. "एक पाऊलही मागे हटणार नाही!" असं गर्जत ते मागे मागे सरकत. त्या दिवशी दोन्हीकडून बुडं सरकत आली आणि मधल्या मधे मिरीची अंडी फुटली. हुपातात्या म्हणाले, त्यांनी फोडली. केकाप्पा म्हणाले, त्यांनीच. दोन्ही मंडळांनी कडक निषेध केला. मिरीला कुणी काही विचारलं नाही.

या वर्षी पुन्हा तिची चार अंडी रेघेवर होती. आतून टकटक ऐकू येत होती. आज-उद्या पिल्लं बाहेर येणार. आणि नेमका सभेचा दिवस उजाडला. टिटवीला अंडी उचलून नेता येत नाहीत. म्हणून मिरी थोरांना उचलायला निघाली.

"तात्या," ती हुपातात्यांना म्हणाली, "आजच्या दिवस सभा थोडी पलीकडे घ्या."

"पलीकडे?" हुपातात्यांनी मांडी खाजवली. "म्हणजे माघार? पोरी, तुझ्या जन्माआधीपासून बसतोय मी तिथं."

"म्हणूनच गवत उगवत नाही तिथं."

"जिभेला काही हाड?"

"जीभ राहू दे, तात्या. माझी चोचच हाडाची आहे."

मग ती केकाप्पांकडे गेली. केकाप्पा पिसारा नीट करत होते. त्या कामाला हल्ली वेळ कमी लागे.

"आज्जा, सभा थोडी सरकवता का?"

"आधी त्याला सरकव की ग. तो सरकला की मी सरकतो."

"ते म्हणतात, आधी तुम्ही."

"बघितलीस त्याची लबाडी?" केकाप्पा खूश झाले. "आणि तुला कसली भीती? तुम्ही टिटव्या पाय वर करून झोपता, आभाळ पेलता म्हणे. आमच्या शेपट्या नाही पेलवत व्हय?"

"आभाळाचं मी बघते," मिरी म्हणाली. "तुम्ही आपापलं बूड तेवढं पेला."

सभा भरली. तिथेच भरली.

हुपातात्या उगवतीकडे तोंड करून म्हणाले, "एक पाऊलही मागे हटणार नाही!" आणि सरकले. केकाप्पा मावळतीकडे तोंड करून म्हणाले, "एक तसूही हटणार नाही!" आणि तेही सरकले. मधे मिरी पंख पसरून उभी होती. दोन्हीकडून शेपट्या येत होत्या.

"थांबा!" ती ओरडली. अख्खा माळ दचकला. "पाठ करून बसता, म्हणून कुणावर बसताय ते दिसत नाही तुम्हाला! एकदा तोंडं फिरवा. समोरासमोर बसा. माझी अंडी दिसतील. झालंच तर एकमेकांची तोंडंसुद्धा दिसतील."

 मग दोन्हीकडच्या चितळांच्या पाडसांनी खूर आपटले. त्यांना भाषणांचा कंटाळा आला होता. आणि बाजूच्या करवंदीच्या जाळीतून कुणीतरी म्हणालं, "बरोबर बोलते पोरगी! एकी पाहिजे, एकी!"

आवाज घोगरा होता. सागवनवाल्यांना वाटलं, वेळूवनवाल्यांतला कुणीतरी असेल. वेळूवनवाल्यांना वाटलं, सागवनवाल्यांतला.

"आधी त्याने फिरावं," हुपातात्या म्हणाले.

"आधी त्यानं," केकाप्पा म्हणाले.

"मी ओरडते," मिरी म्हणाली. "दोघांनी एकदम फिरायचं."

ती ओरडली. कुणीच फिरलं नाही. प्रत्येक जण दुसरा फिरतोय का, त्याची चाहूल घेत होता. ती पुन्हा ओरडली. पुन्हा तेच.

"बरं, नका फिरू," मिरी म्हणाली. "केकाप्पा आज्जांची किती पिसं गळलीत, ते बघून तुम्हाला काय करायचंय, तात्या?"

हुपातात्या गर्रकन फिरले. "किती?"

तो आवाज थेट पाठीवर आला, म्हणून केकाप्पाही फिरले. मागोमाग सगळे फिरले.

आणि दोघांनी एकमेकांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"अरे," हुपातात्या हळूच म्हणाले, "म्हातारा झालास की तू."

"आणि तू काय कोवळा राहिलास व्हय? दात कुठं गेले तुझे?"

"दोन आहेत. एक वर, एक खाली. त्यांची भेट होत नाही."

"आपल्यासारखंच म्हण की."

दोघे खो खो हसले. मग हुपातात्यांनी आवाज खाली आणला. "खरं सांग. तुझा राजा अर्जाला उत्तर देतो?"

"देईल की. विचार चाललाय म्हणे."

"आमच्याकडे पण विचारच चाललाय."

हुपातात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. केकाप्पांच्या आधीच आलं होतं, फक्त ते कबूल करत नव्हते. वानरं मोरांच्या गळ्यात पडली. पाडसं नाचायला लागली. अंडी सगळ्यांना दिसत होती आणि सगळे त्यांना जपून पाय टाकत होते. मिरीचा ऊर भरून आला. तिला वाटलं, इतकं सोपं होतं! मग इतकी वर्षं हे म्हातारे करत काय होते?

शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथेच संपली असती.

पण करवंदीच्या जाळीत बिबट्या होता. बिबट्याला रेघ लागू नव्हती. तो दोन्ही जंगलांत जेवायचा. दरवर्षी सभेच्या दिवशी तो जाळीत येऊन बसे, कारण एवढं मांस एका जागी एरवी कुठे दिसतं? आणि दरवर्षी तो उपाशी परत जाई. उगवतीकडून यावं, तर सागवनवाल्यांचे सगळे डोळे तिकडेच. मावळतीकडून यावं, तर वेळूवनवाल्यांचे. कुणीतरी आपल्या भाषेत इशारा देई. मग "त्यांची भाषा आम्हाला मुळीच कळत नाही" असं भाषणात सांगणाऱ्या प्रत्येकाला ती पटकन कळे आणि सगळे एकदम सावध होत.

आज पहिल्यांदाच एकही डोळा बाहेरच्या बाजूला नव्हता.

मिरीला तो दिसला, तेव्हा तो पाडसांच्या अगदी मागे आला होता. ती जिवाच्या आकांताने ओरडली.

"पोरगी घोषणा चांगली देते," केकाप्पा कौतुकाने म्हणाले.

मिरीने झेप घेतली आणि हुपातात्यांच्या टाळक्यावर चोच मारली. "तात्या, मागे!"

"मागे हटणार नाही!" तात्या सवयीने म्हणाले. मग त्यांनी मागे पाहिलं.

"खॅक!" तात्यांनी वानरांचा इशारा दिला.

त्यानंतर आधी कोण फिरणार, असं कुणी विचारलं नाही. सगळे फिरले. तोंडं बाहेर, शेपट्या आत. धाडकन पाठीला पाठ आपटली. उगवतीकडे वानरांचे दात, मावळतीकडे चितळांची शिंगं, आणि मधून केकाप्पांची असतील नसतील तेवढी पिसं. बिबट्याने या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं. सगळीकडून तोंडंच तोंडं.

"इतका सुंदर कार्यक्रम चालला होता," तो खिन्नपणे म्हणाला आणि जाळीकडे परत गेला.

धुरळा खाली बसला. मिरीने अंडी पाहिली. तीन होती.

तिने पुन्हा पाहिलं. तीनच.

 "बलिदान!" हुपातात्या बसल्या जागेवरून म्हणाले. उभं राहवत नव्हतं. "सागवनासाठी एका अंड्याने प्राण दिले!"

"वेळूवनासाठी!" केकाप्पा ओरडले. तेही बसूनच होते, पाठ हुपातात्यांच्या पाठीला टेकलेली. "जन्माला यायच्या आधी त्यानं वेळूवनाचं नाव घेतलं!"

दोन रानडुकरं लगेच स्मारकाची शिळा लोटत घेऊन आली. शिळा तयारच असते, बाळांनो. हुतात्म्याची तेवढी वाट पाहायची असते.

मिरी मात्र शोधत होती. तिने गवत पाहिलं, खडे पाहिले, खुरांखाली पाहिलं. दोन्ही मंडळांना तिने अशा शिव्या घातल्या की चितळांनी त्या पाठ करून घेतल्या. अंडं कुठेच नव्हतं.

"त्या कोवळ्या जिवाची शपथ घेऊन सांगतो..." हुपातात्या म्हणाले आणि थांबले. "टोचू नकोस रे."

"मी कुठं टोचतोय? तूच टोचतोयस," केकाप्पा म्हणाले.

"माझे हात पुढे आहेत."

"आणि माझी चोच पुढं आहे."

मिरी तिथल्या तिथे थबकली. सगळा माळ तिने पालथा घातला होता. या दोघांच्या मधे काही असेल, असं तिच्या मनातच आलं नव्हतं.

"हलू नका," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती हळू आवाजात बोलली, आणि थोरांनी पहिल्यांदाच तिचं ऐकलं.

गडबडीत घरंगळलेलं अंडं दोघांच्या पाठींच्या खालच्या खोबणीत अडकलं होतं. ऊब छान मिळाली होती. टरफल तडकलं. हुतात्म्याने डोकं बाहेर काढलं, शोकसभेकडे पाहिलं आणि मोठ्याने भोकाड पसरलं.

"आमचं आहे!" हुपातात्या म्हणाले.

"आमचं!" केकाप्पा म्हणाले.

"माझं आहे," मिरी म्हणाली. आणि तिने त्याला पंखाखाली ओढलं.

थोड्या वेळाने हुपातात्या खाकरले. "पण काय ग पोरी, पटलं ना? आमचा शिरस्ता किती शहाणपणाचा होता. पाठमोरे बसायचो, म्हणून सगळे जगले."

"शहाणपणाचा होता, तर आधी का नाही सांगितलं?"

"आम्हाला तरी कुठं ठाऊक होतं?" केकाप्पा म्हणाले.

मिरीने कपाळावर पंख मारून घेतला. मग म्हणाली, "बसा पाठमोरे. खुशाल बसा. शिव्या द्या, भाषणं करा. पण पहिल्यापासून टेकून बसायचं. मधे फट ठेवायची नाही. फट नसली की मागे सरकता येत नाही."

थोरांनी यावर पुष्कळ विचार केल्यासारखं केलं. खरं तर दोघांच्याही कमरा दुखत होत्या आणि टेकायला बरं वाटत होतं. ठराव झाला. कुणाला टेकलोय ते बघायचं नाही, एवढी एक अट मात्र दोन्ही मंडळांनी घातली.

स्मारकाची शिळा अजून रेघेवर आहे. सकाळी तिची सावली वेळूवनात पडते, संध्याकाळी सागवनात. मिरीची चारही पिल्लं सावलीबरोबर सरकतात. त्यासाठी ती कुणाकडे अर्ज करत नाहीत.

तात्पर्य: शेजाऱ्याचं तोंड पाहवत नसेल, तर बाळांनो, खुशाल पाठ फिरवावी, फक्त ती टेकवून बसावं. आणि एकीचं महत्त्व कुणी फारच कळवळून सांगू लागला, तर तो कुठल्या जाळीतून बोलतोय ते आधी पाहावं. बिबट्या हल्ली दोन्ही जंगलांत एकीवर व्याख्यानं देत हिंडतो. गर्दी चांगली जमते. परतताना थोडी कमी असते.