सहा जॅकेटांची चाचणी

टेकडीवरच्या मोजणीदाराला जॅकेट मिळालं. मिळालं ते कागदावर, अंगावर नाही. तेव्हा मिळालंच नाही असं धरून सुरुवातीपासून सांगितलेलं बरं.

मोजणीदाराचं काम साधं होतं. दर दोन तासांनी उघड्या मनोऱ्यावर चढायचं आणि वाऱ्याचा वेग वहीत लिहायचा. महिनाभर वाऱ्याच्या जोडीने त्याचा खोकलाही वाढत होता. "अहो, तुम्ही वारा मोजता की गिळता?" बायको म्हणायची. डॉक्टरांनी तर स्पष्टच सांगितलं होतं, आणखी पंधरा दिवस असेच चढलात तर कायमचे खाली बसाल.

कार्यालयाने तातडीने संरक्षक पोशाख निवड समिती नेमली. समितीने सहा जॅकेटं आणि एक तंबू मागवला. त्यातलं अठरा खिशांचं, वाळवंटी रंगाचं जॅकेट साहेबांना फारच शोभलं.

"हिमशिखरावर चालतं म्हणे हे," साहेब म्हणाले.

"मला मनोऱ्यावर चाललं तरी पुरे, साहेब."

"चाचणीशिवाय कसं देणार? उद्या तुम्हाला थंडी वाजली तर जबाबदार कोण?"

चाचणीसाठी बैठकीच्या खोलीतला एसी सोळावर ठेवण्यात आला. सहा सदस्य सहा जॅकेटं चढवून बसले. तरीही हेडक्लार्कबाईंचे पाय गार पडले, म्हणून टेबलासकट सगळ्यांवर तंबू उभारण्यात आला. एसी बंद करण्याची सूचना चाचणीत ढवळाढवळ म्हणून फेटाळण्यात आली.

चौथ्या बैठकीत निष्कर्ष निघाला: जॅकेटं उत्तम. मात्र ती आता वापरलेली होती, आणि वापरलेली वस्तू कर्मचाऱ्याला देणं नियमात बसत नव्हतं. सबब, नवी सहा मागवून त्यांची चाचणी सोमवारी.

"मग ही?" मोजणीदाराने खोकत विचारलं.

"ही आम्ही नाइलाजाने वापरतोय," हेडक्लार्कबाई चेन गळ्यापर्यंत ओढत म्हणाल्या. "तुमचं बरंय हो, तुम्हाला सवय आहे. आम्ही आतल्या माणसांनी गारठा कसा सोसायचा?"

मोजणीदार मनोऱ्यावर चढला आणि आखडलेल्या बोटांनी वहीच्या मागच्या पानावर अर्ज लिहिला:

"विषय: सोमवारच्या चाचणीचे स्थळ बदलणेबाबत. सदर चाचणी मनोऱ्यावर घेण्यात यावी. तसेच हा अर्ज वाचणाऱ्या प्रत्येकाने, तो समितीवर असो वा नसो, सहलीसाठी घेऊन केवळ फोटोपुरते घातलेले आपले जॅकेट सोबत आणावे व परत मागू नये, ही नम्र विनंती. माप कोणतेही चालेल."