धूर धरणाऱ्या दाण्यांची हकीकत

श्री अग्निनारायण प्रसन्न. ज्याचे उदरीं कोळसा गेला आणि घरोघरीं दिवा लागला, त्यास आधीं नमस्कार, मग हकीकत. शके १९४७, विश्वावसु नाम संवत्सरे, चैत्र वद्य पंचमीस राज्याचे वीजघरावर हुजूरची आज्ञा उतरली कीं, धुरांड्यांतून जो कर्बवायु आकाशीं जातो तो धरावा, न धरवेल तर श्रावणांत वीजघरास कुलूप घालावें. तेथें बाराशें माणसें पोट भरीत होतीं, तीं घाबरीं जाहलीं. पूर्वीं एका पातळ औषधांत वायु धरूं पाहिला होता, परंतु तें औषध उकळावयास वाफ इतकी खर्ची पडे कीं निमे राज्य अंधारांत बसावें. मग रसायनशाळेच्या मुख्य म्हाळसाबाई ओतारी यांनीं विडा उचलिला आणि वाटाण्याएवढे कोरडे, सच्छिद्र दाणे घडविले. त्यांचा गुण ऐसा कीं, थंड असतां वायु अंगीं घ्यावा, तापवितांच तो टाकींत सोडावा, आणि निवाले म्हणजे तेच दाणे पुन्हा कामास लागावे. पहिले फेरीस दहा भागांतील नऊ भाग वायु धरिला आणि वीजघरीं साखर वांटली.

परंतु चाळिसावे फेरीस नवाचे सात जाहले आणि साठावे फेरीस चार. बाईंस अन्न गोड लागेना. इतक्यांत महाराज स्वतां पाहावयास येतात ऐसें वर्तमान आलें. तेव्हां दिवाण रघुपंत बाईंस एकांतीं म्हणाले, "जुने दाणे काढा, नवे भरा. महाराज काय दाणे ओळखतात?"

बाई म्हणाल्या, "पंत, पुन्हा कामास यावें हाच यांचा गुण. रोज नवे लागले तर ही नुसती खडी."

पंत म्हणाले, "खरें. पण बाराशें चुली आहेत, बाई. त्यांस काय सांगाल?"

सायंकाळीं बाईंनीं नव्या दाण्यांचें पोतें सोडिलें, ओंजळभर दाणे हातीं घेतले, ते परत आंत टाकिले, आणि पोतें पुन्हा बांधून घरीं गेल्या.

दुसरे दिवशीं महाराज आले आणि मापाचा कांटा चारावर थांबला.

महाराज म्हणाले, "आम्हांस तर नऊ कळविले होते."

"नऊ होते, महाराज. दाणे थकले. कां थकले तें मला ठाऊक नाहीं," ऐसें बाई बोलल्या. पंतांनीं पागोटें सारखें केलें.

तेव्हां मुकादम सटवाजी गवंडे, जे तीस वर्षें धुरांड्याखालीं उभे होते, ते पुढें होऊन म्हणाले, "सरकार, या धुरांत गंधकाची वाफ असते. ती धुरांड्याचें लोखंड खाते. दाण्यांस कशी सोडील?"

बाई वळून म्हणाल्या, "सटवाजी, हें आधीं कां नाहीं सांगितलें?"

"आपण विचारलें नाहींत, बाई."

महाराजांनीं दोघांकडे पाहिलें आणि आश्विनापर्यंत मुदत वाढवून दिली. मग धूर आधीं चुनखडीच्या पाण्यानें धुतला, मग कोरडा केला, आणि मगच दाण्यांवर सोडिला. जे दाणे बिघडले ते सुधारले नाहींत, ते टाकून द्यावे लागले. परंतु नवे घडविले ते साठावे फेरीस नवावर राहिले आणि तीनशेंवे फेरीस साडेआठांवर. सटवाजी तो कांटा पाहून तेथेंच खालीं बसले आणि बाईंनीं स्वहस्तें त्यांस पाणी दिलें. आश्विन शुद्ध दशमीस कुलुपाची आज्ञा रद्द जाहली. मुकादमांनीं रोज एक घटका रसायनशाळेंत बसावें आणि बाईंनीं त्यांस विचारीत जावें, ऐसा हुकूमही सुटला.

सारांश, धूर धरिला, वीजघर राहिलें, बाराशें चुली पेटत्या राहिल्या. धरिलेल्या वायूनें सर्व टाक्या भरल्या आहेत. तो आतां ठेवावा कोठें, याची मसलत दरबारीं चालू आहे.