भिवरा भेकरीची मनःशांती

एका जंगलात, मुलांनो, सगळे प्राणी फार घाबरट होते. म्हणूनच ते जिवंत होते. पण हे काही त्यांच्या लक्षात आलेलं नव्हतं.

त्यांत सगळ्यांत घाबरट होती भिवरा. भिवरा ही भेकरी. भेकर म्हणजे दिसायला हरीण आणि ओरडायला कुत्रा. वाघाचा नुसता वास आला, की भिवरा मान वर करून ‘भॉक्! भॉक्!’ करायची. की लगेच चितळं उधळायची, डुकरं जाळीत घुसायची, ससे बिळात जायचे. वाघ हात हलवत परत.

कधीकधी तिचं चुकायचंही. वाघ नसायचा, वारा असायचा. मग चितळांचे पुढारी शिंगाडेअण्णा चिडायचे. त्यांची शिंगं मोठी होती, म्हणून त्यांना पुढारी केलं होतं. आणखी काही कारण नव्हतं.

“भिवरे, काय हा गोंगाट! सुखानं रवंथ करू देत नाहीस.”

“अण्णा, मला वाटलं वाघ आहे.”

“तुला सारखं वाटतं!”

ही कुरबुर वाघाच्या कानावर गेली. वाघ बरेच दिवस उपाशी होता. उपाशी राजाला प्रजेची फार काळजी असते.

“माझी प्रजा तणावाखाली आहे,” वाघ म्हणाला. “हे मला पाहवत नाही.”

आणि त्याने जंगलात मनःशांतीचं शिबिर भरवलं. शिबिर घ्यायला प्रसन्नमुनी आले.

प्रसन्नमुनी म्हणजे एक तरस. तरसाचं तोंड मुळातच हसरं असतं. त्यात साधना काही नाही, जबड्याची ठेवणच तशी. हा तरस वाघाच्या उष्ट्यावर जगायचा. सगळ्यांना ते माहीत होतं. पण एकदा मुनी म्हटलं, की ते काय खातात याची चौकशी कोण करतं?

मोहाच्या झाडाखाली सगळे ओळीने बसले. भिवराही बसली. शेजारी तिचं पाडस, काजळी.

“डोळे मिटा,” मुनी म्हणाले. “श्वास आत येतोय, बघा. बाहेर जातोय, बघा. बाकी कशाकडे बघू नका.”

भिवराने श्वास आत घेतला. श्वासाबरोबर वास आला. तिने टक्कन डोळे उघडले.

“काय झालं, भिवराताई?” मुनींनी मऊ आवाजात विचारलं.

“वाघ आहे. त्या करवंदीच्या जाळीत.”

“वाघ आहे, की वाघाचा विचार आहे?”

“वास येतोय ना!”

“वास येईल, जाईल. त्याला नाव देऊ नका. चांगला-वाईट म्हणू नका. नुसतं साक्षीभावाने बघा.”

सगळे तिच्याकडे बघून हसले. भिवरा ओशाळली. तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने मागच्या ओळीत काहीतरी धपकन झालं. डोळे उघडले तर डुकरांच्या आत्याबाई जागेवर नव्हत्या.

“आत्याबाई कुठे गेल्या?” एका डुकराने विचारलं.

“त्या वर्तमानक्षणात विरघळल्या,” मुनी म्हणाले. “आता आपण सगळे कृतज्ञता व्यक्त करू. आपण अजून इथे आहोत, याबद्दल.”

सगळ्यांनी मनापासून कृतज्ञता व्यक्त केली. खरं सांगायचं तर आत्याबाईंच्या जागी आपण नव्हतो, याचीच ती कृतज्ञता होती. पण भावना मोठी होती.

आता तुम्ही म्हणाल, भिवरा तिथून उठून का नाही गेली? सांगतो. त्या संध्याकाळी तिला झोप लागली. गाढ. जन्मापासून तिच्या छातीत सतत धडधडत असे. पान हललं तरी पाय ताठ व्हायचे. त्या दिवशी पहिल्यांदा पान हललं आणि ती नुसती पडून राहिली. मुलांनो, ते सुख खोटं नव्हतं. म्हणूनच तर घोटाळा झाला.

भिवरा रोज शिबिराला जाऊ लागली. भुंकणं घशात आलं, की ती ते तिथेच थांबवायची आणि त्याच्याकडे प्रेमाने बघायची. मग ते विरून जायचं. मुनींनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. “भिवराताईंसारखी चंचल बाई शांत होते, मग तुम्हाला काय अवघड आहे?” तिच्या गळ्यात रानवेलीची माळ घातली. अण्णांनी स्वतः येऊन अभिनंदन केलं.

ओळी हळूहळू विरळ होत होत्या. पण सगळे डोळे मिटून बसायचे. त्यामुळे ते कुणाला दिसत नव्हतं. एकदा सशांच्या एका बाईने भीतभीत तो विषय काढला. “नकारात्मक बोलायचं नाही,” अण्णांनी तिला दटावलं. पुढच्या बैठकीत तीही दिसली नाही. अण्णा म्हणाले, “बघा, तिचं मन कधी रमलंच नाही इथे.”

वाघाने आता दबा धरणंही सोडलं होतं. तो उघड्यावरून चालत यायचा, ओळींमधून फिरायचा आणि मंडईत वांगी निवडावीत तसं निवडायचा.

एके सकाळी मुनींनी लहानग्यांना पुढच्या ओळीत बसवलं. काजळी मधोमध बसली. पाठ ताठ, डोळे मिटलेले, ओठांवर शिकवलेलं हसू. भिवरा मागे होती. तिला वास आला. भुंकणं घशात आलं. तिने सवयीने ते थांबवलं, प्रेमाने बघितलं. वास वाढला. तिने श्वास मोजायला घेतला. वास आणखी वाढला. तिने एक डोळा किलकिला केला.

वाघ काजळीसमोर उभा होता. त्याच्या श्वासाने काजळीच्या कपाळावरचे केस हलत होते. आणि काजळी हसत होती.

भिवराने तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना! इतके दिवस दाबून दाबून गळा ती वाटच विसरला होता. तिने माळ हिसडून तोडली, पाय आपटला, आणि पोटातून काहीतरी वर आलं.

“भॉक्!”

फार भसाडा आवाज होता तो. काजळी तो ऐकून अशी उडाली, की तिचे पाय जमिनीला लागलेच नाहीत. वाघाचा पंजा मोहाच्या खोडावर बसला आणि नखं त्यात अडकली.

सगळ्यांनी डोळे उघडले. समोर वाघ, खोडात पंजा अडकलेला. आता सगळे पळतील असं तुम्हाला वाटलं ना? छे. सगळे भिवरावर चिडले.

“किती छान लागलं होतं ध्यान!” एक चितळीण म्हणाली.

“माझीसुद्धा एकाग्रता गेली,” नखं सोडवत वाघ म्हणाला.

प्रसन्नमुनी रागावले नाहीत. ते फक्त व्यथित झाले. व्यथित मुनी हे रागावलेल्या वाघापेक्षा भारी पडतात. अण्णा तरातरा पुढे आले.

“भिवरे, तुझ्या मनात वाघ आहे, म्हणून तुला सगळीकडे वाघ दिसतो.”

“अण्णा, तो तुमच्या मागे उभा आहे!”

“बघ, पुन्हा सुरू केलंस!”

तिथल्या तिथे ठरलं. भिवराने ओढ्यापलीकडे राहायला जावं. तिच्या लहरींनी वातावरण बिघडतं. एकानेही हरकत घेतली नाही. भिवराने काजळीला पुढे घातलं आणि ओढ्यात पाय टाकला.

पलीकडे भिवराची झोप पुन्हा गेली. तिचं काही बरं चाललं होतं असं समजू नका. ती वाळली, वाऱ्यावर भुंकू लागली. काजळी तिच्यासारखीच भसाडी निघाली. दोघी आळीपाळीने चरायच्या आणि आळीपाळीने घाबरायच्या.

अलीकडचा ‘श्वास आत, श्वास बाहेर’ त्यांना ऐकू यायचा. आधी मोठ्याने, मग बारीक. मग फक्त अण्णांचा घोगरा आवाज. मग तोही नाही.

एके दिवशी प्रसन्नमुनी ओढ्याच्या काठावर आले. चांगले गुटगुटीत झाले होते. त्यांच्यामागे वाघ बसला होता.

“भिवराताई,” मुनींनी हाक मारली, “झालं गेलं विसरून जा. लेकीला घेऊन परत या. जरा ऐका तरी, इकडे आता किती शांतता आहे!”

भिवराने कान टवकारले. मुनींच्या बाजूला एक पान वाजत नव्हतं. कुणी चरत नव्हतं, कुणी खोकत नव्हतं. इतकी शांतता तिने आयुष्यात ऐकली नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने मान वर केली आणि भुंकली. काजळीही भुंकली. भुंकत भुंकतच दोघी डोंगर चढून गेल्या.

तात्पर्य : मन नेहमी शांत आणि प्रसन्न ठेवावे. घाबरून पळालेल्या जनावराचे मांस चिवट लागते.